आत्यांचे शब्द आणि माझी नवी डिस्क

आत्या माझ्या नव्हेत, माझ्या नवऱ्याच्या. बागलाणातल्या खेड्यांमधून तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि एक पत्र्याची ट्रंक, एक रेडिओ आणि शिलाई मशीन घेऊन नाशिकला आमच्याकडे राहायला आल्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. माझं लग्न होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. सासू-सासरे गावी राहत, त्यामुळे आमच्या सिडकोतल्या त्या तीन खोल्यांच्या घरात मोठं माणूस म्हणून त्याच आल्या. मला थोडी धास्ती होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून चहा करायचं काम काढून घेतलं, कारण मी चहा उकळायच्या आत गाळते असं त्यांचं मत होतं. बाकी कशात त्या पडल्या नाहीत.

मी तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवत होते. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा. दुपारी घरात आम्ही दोघीच असायचो. एकदा मेथी निवडताना त्यांनी मला त्यांच्या चिठ्ठ्यांबद्दल सांगितलं. ट्रंकेत पिशव्या भरभरून चिठ्ठ्या होत्या. जुन्या आंतरदेशीय पत्रांच्या मागे, कॅलेंडरच्या पानांवर, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर अहिराणीतला एकेक शब्द आणि त्याचा अर्थ लिहिलेला.

"हे कधीपासून जमवताय?" मी विचारलं.

"शेवटची आठ-दहा वर्षं. आधी सुचलंच नाही." त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली. मग म्हणाल्या, "मूल वहीत लिहायचं, माझं नाव अमुक शे. मी त्या 'शे'वर लाल रेघ मारायची आणि वर 'आहे' लिहायची. किती वर्षं मारल्या रेघा. तपासनीस यायचे, शुद्ध बोला म्हणायचे, पोरांचं पुढं अडू नये हेही खरंच होतं. पण तो शब्द चुकीचा नव्हता गं. माझी आई तसंच बोलायची."

त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला मात्र तो विसरता आला नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी मी घरात एक सर्व्हर उभा केला. सर्व्हर हा शब्द जरा मोठाच झाला. तो सुट्या भागांतून जुळवलेला एक कॉम्प्युटर होता, टीव्हीच्या खालच्या कप्प्यात बसवलेला, एका बाजूचं झाकण कायम उघडं. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स टाकलं होतं. आत्यांच्या खोलीत एक जुनं यंत्र होतं, पण ते नुसता पडदा आणि कळफलक म्हणून. त्या तिथे टाइप करत आणि जमा होत असे ते बाहेर, टीव्हीखाली. नवरा त्याला माझा कारखाना म्हणायचा.

आत्यांनी साठी ओलांडली होती तेव्हा. देवनागरी कळफलक शिकायला त्यांना एक महिना लागला. जोडाक्षरांशी त्यांचं भांडण व्हायचं. पण एकदा बोटं बसली आणि मग रोज सकाळी पूजा आटोपली की त्या चष्मा पुसून बसायच्या, दोन तास टाइप करायच्या आणि उठायच्या. शाळेच्या तासासारखं. एक चिठ्ठी टाइप झाली की ती उजवीकडच्या डब्यात पडायची.

अशी दोन वर्षं गेली. सगळ्या चिठ्ठ्या आत गेल्या, आता नवा शब्द आठवला की आत्या तो थेट टाइप करायच्या. दिवाळीच्या आवराआवरीत डबे, पिशव्या समोर आल्या तेव्हा मीच म्हणाले, "आत्या, आता हे कागद कशाला ठेवायचे? सगळं आत आहे की. वाळवी लागेल उगाच." त्यांनी एकदा पिशव्यांकडे पाहिलं, एकदा टीव्हीच्या कप्प्याकडे. म्हणाल्या, "तुला माहीत." आणि रद्दीवाल्याला पिशव्या दिल्या.

तो शनिवार त्यानंतर चार-पाच महिन्यांनी आला.

सर्व्हरची डिस्क भरत आली होती. फोटो, गाणी, माझे वर्गातले धडे, आत्यांचे शब्द, सगळं एकाच वीस जीबीच्या डिस्कवर. लिनक्स तेवढं वेगळ्या एका छोट्या डिस्कवर होतं. मी ऐंशीची नवी डिस्क आणली. बेत साधा होता. नवी डिस्क जोडायची, फॉरमॅट करायची, तात्पुरती बाजूच्या एखाद्या फोल्डरला लावून जुन्यातलं सगळं तिच्यावर उतरवायचं आणि मग ती 'होम'च्या जागी बसवायची. होम म्हणजे ज्या फोल्डरात आम्हा सगळ्यांच्या फायली असत ते. लिनक्समध्ये डिस्क अशी कुठल्या तरी फोल्डरला जोडावी लागते, त्याला माउंट करणं म्हणतात. हे मी मुलींना दर वर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवत होते.

अकराला भारनियमनाची वेळ होती. मी दहाला बसले. डिस्क जोडली, फॉरमॅट केली. घाई होती म्हणून शेवटी लागणारी ओळ, नवी डिस्क होमला लावण्याची, मी आधीच, यंत्र सुरू होताना जी यादी वाचतं तिच्यात लिहून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी ती आपोआप लागेल. तेवढ्यात दारात गॅसवाला आला. सिलेंडर बदलून घेतलं, गळतंय का ते साबणाच्या पाण्यानं बघितलं, हात धुतले आणि परत येऊन बसले. समोर यादीतली ओळ होती. पुढची पायरी तीच समजून मी माउंटचा हुकूम दिला आणि होम उघडून पाहिलं.

आत काही नव्हतं. माझं फोल्डर नाही, नवऱ्याचं नाही, आत्यांचं नाही. फक्त एक 'लॉस्ट अँड फाउंड' नावाचं फोल्डर. फॉरमॅट केलेल्या कोऱ्या डिस्कवर ते आपोआप तयार होतं.

 दोन डिस्कच्या नावात एका अक्षराचा फरक असतो. मी नवी फॉरमॅट करायच्या ऐवजी जुनी केली, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दुसरी कुठलीही शक्यता आली नाही. घड्याळात अकराला पाच कमी होते. मी यंत्र बंद केलं आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. थोड्या वेळानं पंखा थांबला, वीज गेली.

बॅकअप असा नव्हता. दर महिन्याला सीडी काढायची असं मी ठरवलं होतं. एक काढली होती, ती कुणाला तरी दाखवायला नेली आणि परत आली नाही.

पुण्यात माझी एक मैत्रीण मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करत होती. तिला फोन लावला. ती कुठल्या तरी लग्नात होती, मागे सनई वाजत होती. मी काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "आता काही करू नकोस. चालूच करू नकोस शक्यतो. त्याच्यावर काही लिहिलं गेलं तर जे उरलंय तेही जाईल. उद्या सकाळी मी घरी असेन, तेव्हा बोलू."

आत्यांना सांगायला मी जेवणापर्यंत वेळ लावला. त्या सकाळचं टाइपिंग आधीच आटोपून पोळ्या करत होत्या. पानं वाढली, दोघी बसलो. मी भात नुसता चिवडत होते.

"काय झालंय?" त्यांनीच विचारलं.

"आत्या, माझ्याकडून चूक झाली. डिस्क पुसली गेली. तुमचे शब्द गेले बहुतेक."

"बहुतेक म्हणजे किती?"

"सगळे."

त्यांनी ताटातल्या वरणभाताकडे बघितलं. मला वाटलं उठतील. पण त्यांनी भात संपवला, ताक प्यायल्या, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि म्हणाल्या, "तू जेव. उपाशी राहून ते काही परत यायचं नाही."

मग त्या आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. मी मोरीशी भांडी घासत रडून घेतलं. रद्दीच्या त्या पिशव्या मला दिसत होत्या.

तीनच्या सुमाराला वीज आली. मैत्रिणीनं नको म्हटलेलं असूनही मी एकदा यंत्र सुरू केलं. वाटलं, मघाशी आपण नीट बघितलं नसेल. पण सुरू होतानाच्या यादीत ती ओळ होतीच, त्यामुळे होम तसंच कोरं समोर आलं. मी लगेच बंद केलं. आता शंकाच उरली नाही.

आत्यांच्या खोलीत डोकावले तर त्या कॉटवर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर एक दोनशे पानी वही. पहिलं पान भरत आलं होतं.

"काय करताय?"

"परत लिहिते."

"आत्या, हजारो शब्द होते."

"शब्द डोक्यातूनच आले होते ना? जेवढे निघतील तेवढे." त्यांनी हात झटकला. त्यांच्या अंगठ्याला संधिवात होता. टाइप करताना जाणवत नसे, पण पेन धरला की दुखायचं.

मी वही त्यांच्या हातातून घेतली. "तुम्ही सांगा, मी लिहिते."

खरं सांगायचं तर त्या दुपारपर्यंत मी त्यांचा एकही शब्द वाचला नव्हता. त्यांची फाइल केवढी आहे, कुठे साठवली आहे, तिचा फॉन्ट कुठला, हे मला माहीत होतं. आत काय आहे हे मी कधी उघडून पाहिलं नाही. मी नाशिक शहरातच वाढले. अहिराणी माझ्या कानावर पडायची ती बसस्टँडवर, मालेगाव-सटाण्याच्या गाड्या लागतात त्या बाजूला.

त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. अठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे, कठे म्हणजे कुठे. डोळ्याला डोया, काळ्याला काया. मग सोपे शब्द संपले आणि असे यायला लागले की ज्यांना माझ्या मराठीत एक शब्दच नव्हता. साठवणीच्या चाळीत कांदा ठेवल्यावर वरून जी पातळ साल सुटते तिला एक शब्द. नुकतं उभं राहायला लागलेलं मूल तोल जाताना डुलतं त्या डुलण्याला एक. शेतात भाकरी घेऊन निघालेल्या बाईच्या टोपलीवरच्या फडक्याला एक. मी प्रत्येक वेळी उच्चार चुकवायचे आणि त्या परत म्हणून दाखवायच्या. तो त्यांचा वर्गातला आवाज असावा. जरा वर चढलेला, पण न रागावणारा.

चारला नवरा कामावरून आला. त्याला मी दारातच सांगितलं. त्यानं बूट काढले आणि आत्यांच्या खोलीत गेला.

"आत्या, तू तिच्यावर चिडलीस का?"

"चिडून काय करू? तू हातपाय धू आणि इथे बस. तुझी आई उखळात कांडताना काय म्हणायची, मला आठवत नाहीये."

तो बसला. त्याला दोन शब्द आठवले, त्यातला एक चारचौघांत म्हणण्यासारखा नव्हता. आत्या म्हणाल्या, "लिही गं, तोही शब्दच आहे." मी लिहिला.

संध्याकाळी आत्यांनी देवळ्याला त्यांच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. आजवर त्या बहिणीशी फोनवर बोलायच्या ते तब्येतीपुरतं. त्या दिवशी "बठ्ठं गयं," सगळं गेलं, अशी सुरुवात झाली आणि पुढचा सगळा फोन अहिराणीत. मला निम्मं कळत होतं. बहीण तिकडून काहीतरी सांगायची, आत्या माझ्याकडे वळून शब्द म्हणायच्या, मी लिहायचे. एका शब्दावर दोघी इतक्या हसल्या की आत्यांना रिसीव्हर छातीशी धरून थांबावं लागलं. मी विचारलं, काय झालं. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "लहानपणी आमच्या शेजारणीला आम्ही हे म्हणायचो. चाळीस वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता." मग कळवणच्या चुलतभावाला फोन झाला. त्याच्या हातून बायकोनं रिसीव्हर हिसकावून घेतला, कारण तिच्या माहेरचे शब्द वेगळे होते. असं करत दहा पानं भरली.

मला बरं वाटायला लागलं होतं आणि त्याचीच लाज वाटत होती.

रविवारी सकाळी साडेआठला मैत्रिणीचा फोन आला. तिनं सगळं पहिल्यापासून विचारलं. मी फोन कानाशी धरून टीव्हीसमोर जमिनीवर बसले.

"सुरू कर. आता मला डिस्कची यादी वाचून दाखव. कुठली कुठे लागलीये आणि केवढी आहे."

मी वाचायला लागले. "होमला लागलेली आहे ती, आकार ऐंशी जीबी."

"थांब. तुझी जुनी डिस्क केवढी होती?"

"वीस."

"मग होमला ऐंशीची कशी?"

हा प्रश्न मी माझ्या विद्यार्थिनींना तोंडी परीक्षेत विचारला असता.

"अगं, तू जुनी पुसलेली नाहीस," ती म्हणाली. "नवी कोरी डिस्क तू होमवर लावून ठेवलीयेस. जुनं सगळं खाली आहे. वर दुसरं आलं म्हणून ते दिसत नाहीये, एवढंच. नवी काढ तिथून."

मी काढायचा हुकूम दिला. उत्तर आलं, डिस्क वापरात आहे, काढता येत नाही.

"वापरात आहे म्हणतंय."

"तू आत्ता कुठल्या फोल्डरात आहेस?"

"होममध्ये."

"मग कशी निघेल? तूच तिच्यात उभी आहेस. बाहेर ये आधी."

मी बाहेर आले. पुन्हा हुकूम दिला. या वेळी काहीच उत्तर आलं नाही. लिनक्समध्ये सगळं नीट झालं की ते गप्प बसतं. होम उघडलं. तीन फोल्डर. तिसरं आत्यांचं. आत फाइल, शनिवारी सकाळी त्यांनी टाइप करणं थांबवलं त्या वेळेची. ती उघडून मी शेवटपर्यंत गेले. शेवटची नोंद पूर्ण होती, पूर्णविरामासकट.

"आहे?" मैत्रिणीनं विचारलं.

"आहे," म्हणताना मला रडूच आलं. ती म्हणाली, "यादीतली ती ओळ काढ आधी, नाहीतर पुढच्या वेळी परत हेच होईल. आणि आजच्या आज सीडी काढ. मग रड."

ओळ काढली, मग उठले. आत्या खिडकीशी उन्हात बसून स्वतःच वहीत लिहीत होत्या. अक्षर जरा तिरकं जात होतं.

"आत्या, सापडलं. सगळं आहे. पुसलंच नव्हतं. मी दुसरी डिस्क वर लावून ठेवली होती, त्यामुळे खालचं दिसत नव्हतं."

त्यांनी मान वर केली. "तठेच व्हतं?"

"तिथेच होतं."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "चहा टाकते." आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी तसं केलेलं ते मला पहिल्यांदाच आठवतं.

दुपारी त्यांनी वही आणि फाइल शेजारी ठेवून ताडून पाहायला घेतलं. वहीतले कितीतरी शब्द फाइलमध्ये नव्हतेच. देवळ्याच्या बहिणीचे, कळवणच्या वहिनीचे, आणि त्यांचे स्वतःचेही काही. काही शब्द दोन्हीकडे होते पण अर्थ वेगळे लिहिले होते. याचा त्यांना फार त्रास झाला. शेवटी नवऱ्यानं सांगितलं की दोन्ही ठेव, दोन गावं असतील. ते त्यांना पटलं. तेव्हापासून फाइलमध्ये प्रत्येक शब्दापुढे गावाचं नाव यायला लागलं आणि दर शनिवारी संध्याकाळी देवळ्याला फोन व्हायला लागला. तब्येतीचं त्या शेवटी विचारायच्या, ठेवता ठेवता.

मी मात्र धडा घेतला होता. त्या रविवारी एक सोडून चार सीडी काढल्या. आत्यांनी त्या मागून घेतल्या. म्हणाल्या, एकाच घरात ठेवून काय उपयोग. पुढच्या गावजत्रेला त्या एक देवळ्याला, एक कळवणला, एक शाळेतल्या जुन्या बाईंना अशा देऊन आल्या आणि प्रत्येकाला बजावून आल्या की ही जपायची, हिच्यात आपलं बोलणं आहे.

त्या वर्षाच्या शेवटी आम्ही सगळे कळवणला गेलो होतो. चुलतभावाकडे कॉम्प्युटर नव्हता. सीडी कुठे आहे असं आत्यांनी विचारल्यावर तो आम्हाला मळ्यात घेऊन गेला. द्राक्षांच्या मांडवावर दोऱ्याला बांधलेली सीडी उन्हात गरगर फिरत होती. "लय चमकते, पाखरू फिरकत नाय," तो म्हणाला. नवरा हसू दाबायला मागे वळला. मी आत्यांकडे बघितलं. त्या हात कमरेवर ठेवून वर बघत उभ्या होत्या.

"बरं झालं," त्या शेवटी म्हणाल्या, "कामाला तरी आली." मग त्यांनी पर्स उघडून दुसरी सीडी काढली आणि वहिनीच्या हातात दिली. "ही कपाटात ठेव. साड्यांच्या खाली."